चुलीमागची भिंत

नथूदादा चुनेवाल्याने माझं दोनशे रुपयांचं नुकसान केलं. जाणूनबुजून केलं, माझ्या डोळ्यांदेखत केलं, आणि वर माझ्याच घरी चहा पिऊन गेला. डहाणूत कुणालाही त्याच्याबद्दल विचारलंत तर लोक म्हणतील, देवमाणूस. असेल. त्याच्याशी ज्यांनी कधी सौदा केला नाही त्यांना असं म्हणायला काय जातं? मी केला आहे, म्हणून त्याच्याबद्दल लिहायचा पहिला हक्क माझा.

आधी माझं दोन ओळींत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी गवताचा व्यापारी. जन्म गंजाडचा, बाप दुसऱ्यांच्या शेतांवर राबला. मी लहानपणीच डहाणू रोडच्या यार्डात गवताच्या गासड्या उचलायला आलो. त्या काळी इथलं गवत रेल्वेच्या वाघिणी भरभरून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. गासड्या उचलत उचलत मी गासड्या बांधायचा स्वतःचा प्रेस टाकला. कुणी मदत केली नाही, आणि मी कुणाकडे मागितलीही नाही. पण गवत काही फुकट देत नाही. त्याची धूळ छातीत बसली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कान टवकारून माझी छाती ऐकली आणि म्हणाले, "अजून सात-आठ वर्षं हे काम केलंत, तर पुढे कुठलंच काम करता येणार नाही."

घरी येऊन मी आणि बायकोने विचार केला. जवळ होतं ते सगळं एका जोडघरात घालायचं. एक आढं, दोन दारं, दोन बिऱ्हाडं. दोन्ही बाजू भाड्याने द्यायच्या आणि आपण गोदामामागच्या खोलीतच राहायचं. हिशेब सोपा होता. दोन्ही बाजू भरलेल्या राहिल्या तर आम्ही दोन वेळा जेवणार. एक रिकामी पडली तर एक वेळ. दोन्ही पडल्या तर पुन्हा पाठीवर गासडी, आणि छातीचं जे होईल ते होईल.

स्टेशनपासून पाच मिनिटांवर असं एक जोडघर विकायला निघालं होतं. पांढरंशुभ्र, दारांना हिरवा रंग, पुढे छानसा ओटा. मालक गोड बोलणारा. "स्टेशनजवळची जागा आहे, शेठ. भाडोत्री रांग लावतील." मी भाव पाडला, त्याने पडू दिला. मी आणखी पाडला, त्याने तोही पडू दिला. गवताच्या सौद्यात असं झालं असतं तर मी गासडी फोडून आत हात घालून बघितला असता. घराच्या बाबतीत ते सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी इसार द्यायचा ठरला.

इसार द्यायच्या आधी सकाळी पुन्हा एकदा घर बघायला गेलो, तर मागच्या पडवीत शिडीवर एक माणूस उभा. उंच, किडकिडीत, कासोटा घातलेला, डोक्याला फडकं. भुवया आणि पापण्या चुन्याने इतक्या पांढऱ्या की डोळे मिटले की चेहऱ्यावर डोळे आहेत हेच कळू नये. शिंदीच्या देठाचा ठेचून केलेला कुंचा हातात. मी सहज विचारलं,

"दादा, घर कसं आहे?"

खाली न बघता तो म्हणाला, "विकत घेणारा की भाड्याने राहणारा?"

"विकत घेणारा."

"आणि राहणार कोण?"

"भाडोत्री."

कुंचा डब्यात ठेवून तो खाली उतरला. करदोट्याला एक जाडजूड खिळा अडकवलेला होता, होडीच्या फळ्यांना मारतात तसला. तो काढून सरळ स्वयंपाकघरात गेला आणि चुलीमागच्या भिंतीवर तळहाताएवढी जागा तिरकी खरवडली. कांदा कापल्यावर पापुद्रे दिसतात तसे चुन्याचे थर दिसायला लागले.

"मोज."

"काय मोजू?"

"पांढरं किती, काळं किती."

पांढरे थर नऊ होते. काळ्या रेघा दोन, त्याही केसासारख्या.

"दर दिवाळीला मालक चुना मारून घेतो," तो म्हणाला. "मीच मारतो. मधल्या वर्षात कुणी राहिलं, रांधलं, तर धुराची काळी रेघ बसते. नाही राहिलं तर पांढऱ्यावर पांढरं. नऊ दिवाळ्यांत दोन वर्षं इथे चूल पेटली. तीसुद्धा होळीपर्यंत. वर्षभर पेटलेल्या चुलीची रेघ जाड असते."

"पण का जातात लोक?"

तो मोरीत गेला, वाकला, आणि भिंतीला जीभ लावली. थुंकून म्हणाला, "मचूळ. विहिरीला पावसाळ्यात गोडी असते, तेव्हा भाडोत्री येतो. माघ सरला की डाळ शिजेना. डाळ शिजली नाही की बायको माहेरी जाते, आणि चार दिवसांनी नवरा तिच्यामागून."

माझं डोकं फिरलं. ते फिरायला तसंही फार लागत नाही. मी ओरडलो, "मग असल्या घराला नऊ वर्षं पांढरं करून लोकांना फसवतोस होय रे?"

"मी भिंत पांढरी करतो, विकत नाही," तो शांतपणे म्हणाला. "कालपासून आठ माणसं घर बघून गेली. विचारलं फक्त तू."

तेवढ्यात मालक आला आणि त्याने विचारलं, काय चाललंय. मी तोंड उघडायच्या आतच हा म्हणाला, "मालक, या शेटला मी काळ्या रेघा दाखवल्या."

मालक रंगलेल्या दारापेक्षा हिरवा झाला. "नथू, या घरात पुन्हा पाऊल ठेवू नकोस!"

नथूदादाने शिडी उचलली आणि गेला. पुढच्या दिवाळीत मी त्या रस्त्याने जात होतो, तर तो त्याच शिडीवर, त्याच घराला चुना मारत होता. त्या खाऱ्या भिंतीवर दुसऱ्या कुणाचा चुना धरत नव्हता.

नथूदादा कोळीवाड्यातला. बाप, भाऊ, चुलते सगळे होड्यांवर. याने होडीत पाय ठेवला की किनारा दिसेनासा व्हायच्या आत पोटातलं सगळं बाहेर. भावांनी दोन वर्षं प्रयत्न केला. एकदा म्हणे त्याला डोलकाठीला बांधलं, तर तो बांधलेल्या जागेवरूनच नेमका मोठ्या भावावर ओकला. त्यानंतर भावांनी त्याला कायमचं जमिनीवर सोडून दिलं. तो हे स्वतः सांगायचा आणि सांगताना इतका हसायचा की शिडी हलायची. "समुद्र म्हणाला, तू नको, माझ्या शिंपल्या ने." खाडीच्या काठाला त्याची शिंपल्यांची भट्टी होती. भाजलेल्या शिंपल्या पिंपात टाकून पाणी ओतलं की फसफसून उकळी यायची. त्यात मीठ, डिंक, चिमूटभर नीळ. ती चिमूट किती, हे त्याने शेवटपर्यंत मला सांगितलं नाही. मी तर विचारलंही होतं.

विचारलं होतं म्हणतो, कारण त्याचा एक नेम होता. विचारलं तर खरं सांगायचं, न विचारता काही सांगायचं नाही, आणि विचारणारा कोण आहे हे बघायचं नाही. गावात त्याच्याबद्दल जेवढी भांडणं झाली तेवढी या तिसऱ्या कलमामुळे झाली. नीळ मात्र या नेमात बसत नव्हती. "ती भिंतीची गोष्ट नाही, माझ्या पोटाची आहे," म्हणायचा.

पुढची काही वर्षं मी घरं बघत होतो आणि नथूदादाला बरोबर नेत होतो. त्याबद्दल त्याने कधी पैसा घेतला नाही. अट एकच. "घरात शिरलास की तोंड बंद. तू ओरडतोस, मग शेजारी खरं बोलत नाहीत." मी तोंड बंद ठेवायचो. आमच्या ओळखीच्या लोकांना त्याचंच जास्त नवल वाटायचं.

घर बघायला तो पुढच्या दाराने कधी गेला नाही. मागून जायचा. आधी शेजारणीला हाक. "बाय, विरजण संपलं तर कुणाकडून आणतेस?" ती म्हणाली, या घरातल्या वहिनीकडून, की हा मान डोलवायचा. ती म्हणाली, पलीकडच्या आळीतून, की हा माझ्याकडे बघायचा. एकदा मी विचारलं, विरजणाचा आणि भाड्याचा संबंध काय? तर म्हणाला, "ज्या बाईच्या विरजणाने चार घरांत दही लागतं, तिला नवरा म्हणाला बदली करून घेतो, तरी ती घेऊ देत नाही."

मग आत जाऊन आढ्याची कडी बघायची. पाळण्याच्या दोरीने झिजली असेल तर दोन-तीन बाळंतपणं त्या खोलीत झाली. मग मोरीला जीभ. मग चुलीमागची भिंत. दोन्ही बाजूंच्या भिंती खरवडायचा, कारण जोडघरात एक बाजू भरलेली आणि दुसरी सदा रिकामी असंही असतं, आणि मालक नेमकी भरलेली बाजू दाखवतो.

भाडोत्र्यांबद्दलही त्याचं ठरलेलं होतं. "रेल्वेचा माणूस बदलीचा, पण जाणारा येणाऱ्याच्या हातात किल्ली देऊन जातो. जंगलच्या ठेकेदाराचा कारकून पावसाळ्यात पळतो. मास्तर सुट्टीत गावी जातो, पण भांडी ठेवून जातो. भांडी ठेवणारा परत येतो."

"आणि व्यापारी?" मी विचारलं.

"तुझ्यासारखा?" तो हसायला लागला. "तुला कोण देईल भाड्याने घर, गवतशेट? भाडं द्यायच्या दिवशी तू घरमालकाशी त्याच्याच घराचा भाव करशील."

गवतशेट हे नाव त्यानेच मला दिलं. यार्डात मी डोक्यावर गासड्या वाहताना त्याने मला पाहिलं होतं, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या तोंडी ते नाव आलं तर मी चिडायचो. त्याच्या तोंडी आलं तर चिडून उपयोग नव्हता.

मग राज्यं वेगळी झाली, आणि तलासरीच्या पुढे, अच्छाडला सीमा आली. नाका बसला. ट्रक थांबायला लागले. सगळे म्हणायला लागले, आता तिकडे खोल्यांना सोन्याचा भाव येणार. नाक्याचे कारकून येतील, हमाल येतील, ड्रायव्हर येतील. मला झोप लागेना. तिथे रस्त्याला लागून एक नवंकोरं जोडघर होतं, विटांचं, वर पत्रे. मी नथूदादाला एस.टी.त बसवून घेऊन गेलो. खिडकीत बसवलं, कारण होडीचं मला माहीत होतं. तरी तलासरीला उतरून त्याला एक लिंबू खायला लागलं.

घर बघितलं. खिळ्याने खरवडलं तर एक पांढरा थर आणि खाली वीट.

"ही भिंत तान्ही आहे," नथूदादा म्हणाला. "हिला अजून बोलता येत नाही."

मला वाटलं, आता आपलं ज्ञान दाखवायची वेळ आली. इतकी वर्षं बघत होतो. मी ऐटीत मोरीत गेलो आणि भिंतीला जीभ लावली.

तो चुना आदल्या दिवशीचा होता. ओला. जीभ अशी भाजली की मला बोलता येईना. मालक घाबरून ताक आणायला धावला. मी हातवारे करून नथूदादाला शिव्या देत होतो आणि तो अंगणात बसून पोट धरून हसत होता. "ओला चुना चाटतात का रे, गवतशेट? अरे, पान तरी मागायचं!" त्या दिवशी मी घराचा भाव केला नाही, कारण जीभच जाग्यावर नव्हती. मालकाने आयुष्यात एवढं सज्जन गिऱ्हाईक पाहिलं नसेल.

भिंत बोलत नाही म्हटल्यावर नथूदादा नाक्यासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मीही बसलो, तोंडात ताक धरून. तो फक्त बघत होता. संध्याकाळी नाक्याचे कारकून डबे घेऊन बसमध्ये चढले आणि आपापल्या घरी गेले. ड्रायव्हरांनी ट्रकखाली चादरी अंथरल्या. हमाल जवळच्या पाड्यांतले, ते पायवाटेने निघाले.

"बघितलंस?" तो म्हणाला. "दिवसभर माणसांची जत्रा, पण इथे कुणाची चूल नाही. इथे चहा विक, खोल्या नको."

मी घर घेतलं नाही. माझ्या ओळखीच्या एकाने घेतलं. पुढे कधी अच्छाडला गेलो की मुद्दाम तिकडे डोकवायचो. एका बाजूला शेळ्या होत्या. दुसऱ्या बाजूलाही शेळ्या होत्या. सांगायला लाज वाटते, पण त्या शेळ्या बघून मला फार बरं वाटायचं.

आता दोनशे रुपयांकडे येतो.

बाजारातून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर रेवाबेन नावाच्या विधवा बाईंचं जोडघर होतं. त्यांची मुलगी वलसाडकडे दिली होती आणि आता त्यांना कायमचं तिच्याकडे जायचं होतं. घर दिसायला भिकार. कौलं काळी पडलेली, ओट्याचा एक कोपरा खचलेला. डाव्या बाजूला शाळेतले एक मास्तर, उजव्या बाजूला होड्या बांधणारा सुतार. मी एकटा गेलो असतो तर रस्त्यावरूनच परत फिरलो असतो.

रेवाबेन देवळात गेल्या असताना नथूदादाने मला मागच्या दाराने आत नेलं. डाव्या बाजूची भिंत खरवडली. पांढरं, काळं, पांढरं, काळं. अकरा पांढरे, अकरा काळे, आणि प्रत्येक काळी रेघ काजळाच्या बोटासारखी जाड. उजव्या बाजूलाही तेच. मोरीच्या भिंतीला जीभ लावून त्याने डोळे मिटले. "शहाळं," म्हणाला. आढ्याची कडी दोरीने निम्मी कापली गेली होती. मास्तरांच्या बायकोने आम्हाला चोर समजून आधी आरडाओरडा केला आणि मग चहा दिला.

"हे," नथूदादा म्हणाला. एवढंच.

मी मनात नाचत होतो, पण सौद्याला गेलो तो चेहरा पाडून. रेवाबेन ओट्यावर बसल्या होत्या, नथूदादा पायरीवर. त्यांनी भाव सांगितला. भाव वाजवी होता. वाजवी भाव देणं माझ्या रक्तात नाही.

"बेन," मी म्हणालो, "घर म्हातारं झालं. मास्तरांची बदली होईल. सुताराचं काय, आज आहे, उद्या होडीच्या मागे दुसऱ्या बंदरात. एक बाजू वर्षभर रिकामी पडली तर मी खाऊ काय? असल्या घरात भाडोत्री टिकत नाहीत, बेन. मी पुष्कळ घरं बघितलीत."

आणि मी खोकलो. खोकला खरा होता, फक्त वेळ मी निवडली.

रेवाबेनचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "बरं भाई. दोनशे कमी द्या."

मी हात पुढे केला. त्यांनीही केला. दोघांच्या हातांत वीतभर अंतर राहिलं असेल, आणि त्यांनी पायरीकडे वळून विचारलं, "नथूभाई, साचू बोल, खरं सांग. माझं घर खरंच रिकामं पडेल का रे?"

मी नथूदादाकडे बघितलं. डोळे मोठे केले. खाकरलो. शेवटी त्याच्या पायावर पाय दिला. त्याने पाय काढून घेतला आणि म्हणाला,

"बेन, अकरा दिवाळ्यांच्या अकरा रेघा आहेत, दोन्ही बाजूंना. एकही बारीक नाही. डहाणूत असं घर मी दुसरं बघितलं नाही. ही चूल विझलीच तर पुन्हा पेटवायला कुणी ना कुणी उभंच असेल."

रेवाबेननी हात मागे घेतला, पदर सावरला, आणि त्यांची पाठ ताठ झाली. "तर मग पहिला भाव, शेठ. एक पैसा कमी नाही."

त्यानंतर मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सुतार रंधा घेऊन बाहेर आला. मास्तरांनी मुलांना आत घेतलं. मी नथूदादाला म्हणालो, तू माझा माणूस म्हणून आलास आणि माझाच गळा कापलास.

तो पायरीवरून उठला नाही. माझा आवाज बसेपर्यंत थांबला. मग म्हणाला, "मी तिला खोटं सांगितलं असतं, तर तुला खरं सांगितलं होतं हे तू कशावरून मानलं असतंस?"

बोलणं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळलं. आजही कळतं. पण कळलं म्हणून दोनशे रुपये परत येत नाहीत.

मी शपथ घेतली, हे घर घेणार नाही. तीन दिवस गासड्यांवर राग काढला. चौथ्या दिवशी बघतो तर नथूदादा आमच्या गोदामाच्या दारात. माझ्या बायकोने त्याला बोलावून घेतलं होतं. मी पाठ करून बसलो. तिने त्याला चहा दिला आणि विचारलं, "भाऊजी, आम्ही हे घर घेतलं नाही तर?"

"दुसरं कुणी घेईल, वहिनी. काल दोघं बघून गेले."

"आणि यांचं?"

"हे खोकत राहतील."

बायको माझ्याकडे वळली. "ऐकलंत?"

"ऐकलं."

"मग उठा."

"दोनशे रुपये, समजतात का तुला?"

"समजतात. तुमची छाती कितीला मिळते बाजारात, तेवढं सांगा. मग बसा."

भाव करण्यात माझी बायको माझ्यापेक्षा वरचढ आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी उठलो. त्याच दिवशी इसार दिला, पहिल्या भावाने. नथूदादाने दुसरा कप मागितला.

घर चाललं. दर महिन्याला दोन्ही दारांतून भाडं आलं. दोन वर्षांनी मी प्रेस विकला. छाती हळूहळू मोकळी झाली. एखाद्या सकाळी मी समुद्रापर्यंत चालत जायचो आणि वाटेत न खोकता रेवाबेनना आणि नथूदादाला शिव्या द्यायचो. भट्टीवर तो भेटायचाच. "दोनशे रुपयांत काय काय आलं असतं!" असं मी सुरू केलं की तो म्हणायचा, "बोल, बोल. अलीकडे एका दमात किती बोलतोस रे तू."

नंतर मास्तर निवृत्त झाले आणि आपल्या गावी गेले. डावी बाजू पहिल्यांदा रिकामी झाली. बायको म्हणाली, येईल कुणीतरी. मी रोज जाऊन कुलूप काढून आत बघायचो. गवत सुटलं होतं, प्रेस विकलेला, वय वाढलेलं. रिकाम्या खोलीत उभं राहिलं की आपलेच श्वास ऐकू येत होते. मी नथूदादाला चुन्यासाठी बोलावलं. तो आता थकला होता. गुडघे दुखत होते, शिडी चढताना प्रत्येक पायरीवर थांबायचा. पण भिंतीला खालपासून वरपर्यंत कुंचा फिरायचा तो पूर्वीसारखाच, मध्ये कुठे न थांबता.

मला राहवलं नाही. "नथूदादा, खरं सांग. किती दिवस रिकामी राहील?"

त्याने भिंतीकडे बघितलं. "चुन्याचे दोन हात मारायचेत ना? पहिला मारून होईल. दुसऱ्यापर्यंत रिकामी राहील का, सांगता येत नाही."

"चेष्टा करू नकोस."

"तू विचारलंस, मी सांगितलं."

दुपारपर्यंत पहिला हात मारून झाला. तो ओट्यावर डबा उघडून भाकरी आणि सुकट खात होता, तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली. गाडीत ट्रंका, गाद्या, एक शिवणयंत्र, आणि सगळ्यांच्या वर बसलेली एक म्हातारी. दवाखान्यात नव्याने आलेल्या नर्सबाई आणि त्यांची आई. मास्तरांनी जाता जाता त्यांना घर सांगितलं होतं. नर्सबाई माझ्याशी भाड्याचं बोलायला लागल्या, पण म्हातारी कुणासाठी थांबली नाही. खाली उतरली, पातेलं आणि काटक्यांची मोळी घेऊन सरळ आत गेली.

नथूदादा घास टाकून उठला. "आजी, थांबा! भिंत ओली आहे! दुसरा हात राहिलाय अजून!"

"मला चहा करायचाय," आतून आवाज आला. "तुझा हात तुझ्याजवळ ठेव."

आणि धूर आला. ओल्या चुन्यावर, आमच्या डोळ्यांसमोर. नथूदादा कुंचा हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, आणि हळूहळू त्याचा सगळा चेहरा हसू लागला. मी भिंतीला टेकलो, आणि पाठीला चुना लागला तरी टेकून राहिलो.

जाताना मी त्याच्या हातावर ठरलेली मजुरी ठेवली. त्याने निम्मी परत केली. "एकच हात झाला."

"दोन ठरले होते."

"ठरले दोन, मारला एक."

"अरे, घे म्हणतो ना!"

"घेणार नाही म्हणतो ना!"

आम्ही बोलत बोलत रस्त्यावर आलो. माझा आवाज चढला. त्याचाही चढला, तो कधी चढत नसे. मी पैसे त्याच्या डब्यात टाकले, त्याने काढून माझ्या खिशात कोंबले, मी पुन्हा काढले. लोक जमले. सुतार बाहेर आला. मासळी विकून परत येणाऱ्या दोन कोळणी टोपल्या डोक्यावर घेऊन थांबल्या. आणि त्यातली एक माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली,

"काय हो शेठ, म्हाताऱ्याची मजुरीसुद्धा सोडवत नाही का तुम्हाला? द्या की पुरते पैसे!"

"अगं बाई, मी देतोच आहे!"

"दिसतंय ना," दुसरी म्हणाली. "गवत विकलं, स्वभाव नाही विकला."

सगळे हसले. मी नथूदादाकडे बघितलं, म्हटलं, निदान आता तरी हा खरं सांगेल. पण त्याला बोलताच येत नव्हतं. तो हसत होता. शिडी खाली ठेवून, गुडघ्यांवर हात टेकून, पांढऱ्या पापण्यांतून पाणी गाळत हसत होता. मग त्याने शिडी खांद्यावर घेतली, कुंच्याने मला रामराम केला आणि खाडीकडच्या उतारावरून निघाला. बराच लांबपर्यंत शिडीचं मागचं टोक हसण्याने हलताना दिसत होतं. मी भर रस्त्यात निम्मी मजुरी मुठीत धरून उभा होतो, त्या दोघी कोळणी मला कंजूष म्हणत होत्या, आणि आतून म्हातारी ओरडत होती की चहा झाला आहे, ज्यांना हवा असेल त्यांनी यावं.